कॉम्प्युटर बिघडलाय, असे कोण सांगते?

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. मगरिबच्या नमाजनंतर एक गृहस्थ मशिदीच्या पायरीवर आमच्यासाठी थांबले होते. पाटणमध्येच त्यांचे वेल्डिंगचे वर्कशॉप आहे. मुलगी बारावी सायन्सला, धाकटा मुलगा सातवीत. चपला घालता घालता ते हळूच म्हणाले, "सर, जरा घरी येता का? कॉम्प्युटरचं बघायचंय. पण मुलांसमोर काही विचारू नका."

घरी गेलो तर कॉम्प्युटर कुठे दिसेना. भाभींनी कपाटाकडे बोट दाखवले. चादरीत गुंडाळून, वरून दोरी बांधून तो कपाटावर ठेवला होता. असा तो आठ दिवस तिथेच होता.

झाले होते ते असे. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, खालून एक चौकट वर यायची. लाल फुली आणि शेजारी इंग्रजीत इशारा: तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले, ताबडतोब साफ करा. एक बंद करावी तर दुसरी हजर. पुढे पुढे त्याच जागी उघड्यानागड्या बायकांच्या जाहिराती येऊ लागल्या. आणि एके दिवशी, हा व्हायरस अश्लील साइट पाहिल्यामुळे आला आहे, असा मजकूर आला. धाकट्याने तो मोठ्याने वाचला आणि दादीला त्याचा अर्थही सांगितला.

रात्री उशिरापर्यंत कॉम्प्युटरवर बसणारी घरात एकच, ती म्हणजे मुलगी. अब्बांनी तिला काही विचारले नाही, रागावलेही नाहीत. दुकानातून दोरी आणली आणि कॉम्प्युटर बांधून वर ठेवला. तिनेही का म्हणून विचारले नाही. सीईटीचा अर्ज भरायचे दिवस होते, सगळे कागद स्कॅन करून त्याच कॉम्प्युटरमध्ये ठेवलेले. आठ दिवस घरात त्या विषयावर एक शब्द निघाला नाही.

असा प्रसंग एकाच घरातला असता तर आम्ही लेखणी हातात घेतली नसती. पण शाळेत शिकवताना आणि पालकांच्या घरी जाता-येता आम्ही हे इतक्या वेळा पाहिले आहे की आता लिहायलाच हवे.

त्या संध्याकाळी दोरी सोडली, कॉम्प्युटर टेबलावर मांडला, चालू केला. मिनिटभरात कोपऱ्यातून चौकट वर आली. आम्ही तिच्यावर क्लिक न करता आधी क्रोम उघडले. उजवीकडे वरचे तीन ठिपके, त्यात सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज आणि शेवटी नोटिफिकेशन्स. तिथे ज्या साइटना सूचना पाठवायची परवानगी दिलेली असते त्यांची यादी दिसते. यादीत सात नावे होती. त्यांतले एकही घरातल्या कोणाच्या ओळखीचे नव्हते. सातही काढून टाकली. चौकटी थांबल्या. व्हायरस नव्हताच. दाराबाहेर उभे राहून ओरडणारे फेरीवाले होते, आणि दार आतूनच कोणीतरी उघडून दिले होते.

हे दार उघडते कसे, तेही सांगतो. एखादी फुकटची साइट उघडली की मध्येच एक चित्र येते, 'तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा.' माणूस भाबडेपणाने दाबतो. त्या 'अलाउ'चा रोबोटशी काही संबंध नसतो. त्या क्षणी आपण त्या साइटला आपल्या पडद्यावर हवे तेव्हा जाहिरात झळकवायची मुभा दिलेली असते. मग ती साइट ही जागा भाड्याने देते. आज कुणी तिथे व्हायरसची भीती विकतो, उद्या कुणी जुगार, परवा कुणी घाणेरडी चित्रे. घरातल्या माणसाने काय पाहिले, काय नाही, याच्याशी त्या चित्रांना देणेघेणे नसते. भजनाच्या साइटवरून आलेला 'अलाउ' असो की नाताच्या, पुढे येणारा कचरा तोच. पालकांनी एवढे एक जरी लक्षात ठेवले तरी खूप झाले. पॉप-अप म्हणजे कुणाच्या चारित्र्याचा दाखला नव्हे.

पण काम तिथे संपले नाही. कॉम्प्युटर चालू होताच एक 'क्लीनर' आपोआप उघडत होता. हिरवी पट्टी सरसर पुढे सरके, आकडा वाढत जाई आणि शेवटी लाल अक्षरांत चार आकडी दोष. दुरुस्त करायचे तर पैसे भरा. तो काढण्यासाठी कंट्रोल पॅनेलमध्ये प्रोग्रॅम्स अँड फीचर्स उघडले. तिथे प्रत्येक प्रोग्रॅमपुढे तो कधी टाकला त्याची तारीख असते. क्लीनरपुढची तारीख आम्ही मोठ्याने वाचली.

भाभी म्हणाल्या, "त्या आठवड्यात ती कराडला नानीकडे होती. क्लाससाठी."

गृहस्थ गप्प झाले. त्याच तारखेला यादीत आणखी एक नाव होते. ते उर्दू टायपिंगच्या सॉफ्टवेअरचे, इनपेजचे होते. थोड्या वेळाने ते म्हणाले, "भाचीच्या निकाहची पत्रिका उर्दूत करायची होती. मीच घेतलं होतं ते. फुकट मिळत होतं."

इथे थोडे थांबून इनपेजविषयी सांगायला हवे, कारण उर्दूशी संबंध असलेल्या आपल्या घरांत कचरा शिरतो तो बहुतेक वेळा याच वाटेने. इनपेज १९९४ मध्ये आले. ते आपल्याच देशातल्या कंपनीने बनवलेले, विकत घ्यायचे सॉफ्टवेअर. लाहोर-कराचीपासून हैदराबाद-मालेगावपर्यंत उर्दू वर्तमानपत्रे आणि पुस्तके त्यावर निघाली. त्यातली देखणी नूरी नस्तालीक लिपी मिर्झा अहमद जमील यांनी १९८१ मध्ये घडवली. हजारो जोडअक्षरे हाताने लिहून केलेले ते काम. आपण मात्र ते 'फ्री डाउनलोड' लिहून शोधतो. शोधले की भलत्याच लोकांच्या साइट उघडतात आणि एका पानावर डाउनलोडची चार बटणे दिसतात. सर्वांत मोठे, सर्वांत हिरवे बटण हमखास दुसऱ्याच कशाचे असते. आणि खरे सापडले तरी त्याच्या पोटात दोन-तीन बिनबोलावलेले पाहुणे असतातच. टाकताना 'एक्स्प्रेस' निवडले की तेही निमूट आत येतात. 'कस्टम' निवडले तर निदान त्यांच्यापुढची खूण काढता येते. अजानच्या वेळा सांगणारे प्रोग्रॅम, नातांची गाणी उतरवून घेणारे, पीडीएफ बदलणारे, सगळ्यांची हीच तऱ्हा. दुसऱ्याची मेहनत चोरून घेतलेल्या साधनावर निकाहची पत्रिका छापावी का, हा सवाल ज्याने त्याने स्वतःला विचारावा. साधी पत्रिका करायची तर विंडोजमध्ये उर्दूचा कीबोर्ड आणि नस्तालीक वळणाचा फॉन्ट आधीपासून आहे. सेटिंग्जमध्ये भाषा जोडली की झाले. गूगलचा नोटो नस्तालीक उर्दूही फुकट आहे, आणि तो फुकट वापरायला रीतसर परवानगी आहे.

तर क्लीनर. 'अनइन्स्टॉल' दाबले की त्याने काकुळतीला यावे तसे विचारले, 'तुमचे संरक्षण बंद करायचे का?' मोठे हिरवे बटण 'नको, राहू द्या' असे आणि काढून टाकायचा पर्याय खाली बारीक, करड्या अक्षरांत. हेही ठरवून केलेले असते. तो काढल्यावर ॲडडब्ल्यूक्लीनर नावाचे छोटे मोफत साधन मालवेअरबाइट्स कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून घेतले आणि फिरवले. क्रोममध्ये घुसलेले एक एक्स्टेन्शन आणि कॉम्प्युटर सुरू होताच जागे होणारे दोन अवशेष त्याने शोधून दिले. शेवटी विंडोज सिक्युरिटीचा पूर्ण स्कॅन लावला आणि चहा घेतला.

आता हे 'दोष' असतात तरी काय? आम्ही एकदा मुद्दाम, नुकतेच विंडोज टाकलेल्या कोऱ्या कॉम्प्युटरवर असा क्लीनर चालवून पाहिला. तिथेही शेकडो दोष निघाले. साइटनी ठेवलेल्या कुकीज, तात्पुरत्या फाइली आणि रजिस्ट्रीतल्या रिकाम्या नोंदी, एवढेच ते. रजिस्ट्री म्हणजे विंडोजची नोंदवही. तिच्यात जुन्या गिऱ्हाईकांची नावे राहिली म्हणून दुकान मंद चालत नाही, आणि कुणी परक्याने येऊन पाने फाडली तर मात्र नको तो घोटाळा होतो. रजिस्ट्री साफ करणाऱ्या प्रोग्रॅमना आमचा पाठिंबा नाही, असे मायक्रोसॉफ्टनेच सांगून ठेवले आहे. तात्पुरत्या फाइली काढायला विंडोजमध्ये डिस्क क्लीनअप आणि स्टोरेज सेन्स आहेत. कॉम्प्युटर मंद होतो तो बहुधा रॅम कमी असल्याने किंवा जुन्या फिरत्या हार्डडिस्कमुळे. तिथे एसएसडी बसवली की म्हातारा कॉम्प्युटरही पळू लागतो.

आम्ही मोठेपणाने सांगतोय खरे, पण आमचाही हात यात भाजला आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या लॅपटॉपवर असाच लाल आकडा आला आणि आम्ही घाबरून कार्डाने पैसे भरले. पुढच्या वर्षी न विचारता तेवढेच पैसे पुन्हा गेले. 'ऑटो रिन्यूअल'च्या खुणेकडे लक्षच गेले नव्हते. बीएड झालेला माणूस एका हिरव्या पट्टीने फसला, हे घरात सांगायला आम्हाला दोन वर्षे लागली.

फसणारे आपण एकटे नाही, हे कळले की लाज जरा कमी होते. म्हणून या धंद्याची थोडी हकीकत. विनफिक्सर, ड्राइव्हक्लीनर, एररसेफ अशा नावांचे प्रोग्रॅम विकणाऱ्या इनोव्हेटिव्ह मार्केटिंग या कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००८ मध्ये खटला भरला. जाहिरातीतच खोटा स्कॅन दाखवायचा आणि नसलेला व्हायरस काढायचे पैसे घ्यायचे, ही त्यांची रीत. २०१२ मध्ये न्यायालयाने या प्रकरणात १६ कोटी ३० लाख डॉलरचा निकाल दिला.

त्याहून बोलका किस्सा ऑफिस डेपो या मोठ्या दुकानसाखळीचा. कॉम्प्युटर तपासून देतो म्हणून ते लोकांना बोलावत. तपासणीच्या सुरुवातीला चार प्रश्न विचारले जात. कॉम्प्युटर मंद झालाय का, पॉप-अप येतात का, अशा प्रकारचे. यांतल्या एकालाही 'हो' म्हटले की स्कॅनमध्ये काहीही निघो, निकालात व्हायरसची लक्षणे दिसलीच पाहिजेत अशी त्या प्रोग्रॅमची घडण होती, असा कमिशनचा आरोप. म्हणजे डॉक्टरने नाडी न बघता 'थकवा येतो का?' एवढेच विचारायचे आणि मोठ्या ऑपरेशनची चिठ्ठी द्यायची. २०१९ मध्ये ऑफिस डेपो आणि तो प्रोग्रॅम पुरवणारी सपोर्ट डॉट कॉम, या दोघांनी मिळून साडेतीन कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवले. मार्च २०२४ मध्ये रेस्टोरो आणि रीइमेज या सायप्रसच्या कंपन्यांनी २ कोटी ६० लाख डॉलर देण्याचे कबूल केले. मायक्रोसॉफ्टची वाटेल अशी खोटी धोक्याची चौकट दाखवून दुरुस्ती विकल्याचा आरोप त्यांच्यावर होता. मायक्रोसॉफ्टनेही १ मार्च २०१८ पासून, भीती घालून पैसे भरायला लावणाऱ्या क्लीनरना नको असलेले सॉफ्टवेअर समजून काढून टाकायला सुरुवात केली आहे.

चौकटीत फोन नंबर असेल तर समजा की टोळी पलीकडे फोन घेऊन बसली आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. या टोळ्यांचे काही धागे आपल्या देशात आहेत, हे सांगताना वाईट वाटते. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथून कर खात्याच्या नावाने अमेरिकन लोकांना धमकावले जात होते. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने 'ऑपरेशन चक्र-२' मध्ये देशभरात ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या. त्यात मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या तक्रारींवरून दाखल झालेले, कॉम्प्युटर दुरुस्तीच्या नावाखाली परदेशी लोकांना लुटल्याचे गुन्हेही होते. अशा जागी फोन उचलायला बसवतात ती वीस-बावीस वर्षांची, इंग्रजी बोलू शकणारी मुले. आमचे माजी विद्यार्थी पुण्या-मुंबईत नोकरी शोधायला जातात. 'रात्रपाळी, इंग्रजी बोलणे, पगार रोख, कंपनीचे नाव नंतर सांगू,' असे कुणी म्हणाले तर त्या दारातून मागे फिरा, एवढे त्यांच्या अम्मी-अब्बांनी निघण्यापूर्वी सांगावे. तो पगार हलाल नाही आणि पोलीस आल्यावर मालक तिथे नसतो.

मग सगळेच अँटिव्हायरस फसवे का? मुळीच नाही. क्विक हीलचे काटकर बंधू आपल्याच सातारा जिल्ह्यातले. थोरले कैलास काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात लागले, मग कॉम्प्युटर दुरुस्तीकडे वळले. गिऱ्हाइकांचे कॉम्प्युटर खरोखरच्या व्हायरसने बंद पडत होते, म्हणून धाकटे संजय यांनी त्यावर प्रोग्रॅम लिहिले, आणि त्यातून कंपनी उभी राहिली. खरा अँटिव्हायरस आणि बनावट क्लीनर यांतला फरक ओळखायचा एक सोपा प्रश्न आहे. हा प्रोग्रॅम आपण स्वतः, त्याच्या स्वतःच्या जागेवरून आणला होता का? नसेल तर त्याचे म्हणणे ऐकायचे कारण नाही. विकत घेतलेला खरा अँटिव्हायरसही मुदत संपत आली की चौकटी दाखवून भंडावतो, पण ती मुदतीची आठवण असते. विंडोज ८ पासून कॉम्प्युटरमध्ये डिफेंडर आधीच असतो, घरच्या वापराला तो पुरेसा आहे असे आमचे मत. फक्त विंडोज सिक्युरिटीत 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल'मध्ये जाऊन नको असलेली ॲप रोखण्याचा पर्याय चालू आहे ना, ते पाहा. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रानेही २०१७ पासून सफाईची साधने मोफत ठेवली आहेत.

आपले पाटण कोयनेच्या काठी. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडायचे तर खालच्या गावांना आधी सावध करतात. तो भोंगा वाजवणारा कधी होडी विकायला येत नाही. भोंगा वाजवणाराच होडी विकत असेल तर आधी नदीकडे बघून यावे. सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत, कुणी बातमी घेऊन आला तर आधी तहकीक करा, नाहीतर नकळत कुणाला तरी इजा पोहोचवाल, असे बजावले आहे. आपण ती आयत अफवांच्या संदर्भात वाचतो. वेल्डिंगवाल्यांच्या घरी ती आम्हाला पडद्यावरच्या चौकटीच्या संदर्भात आठवली. बातमी एका अनोळखी जाहिरातदाराने आणली होती आणि इजा घरातल्या मुलीला झाली होती.

आणखी दोन गोष्टी, विसरण्याआधी. कधी कधी चौकट पूर्ण पडदा व्यापते, आत भोंगा वाजतो, माऊस चालत नाही. अशा वेळी एस्केप किंवा एफ-११ दाबा, नाहीतर आल्ट आणि एफ-४. तरीही हलले नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडताना जुनी पाने परत आणू का असे विचारले तर नको म्हणा. आणि फोन करून एखाद्याला कॉम्प्युटरचा ताबा दिला असेल, पैसे गेले असतील, तर इंटरनेट तोडा, बँकेला कळवा आणि १९३० या नंबरवर लगेच फोन करा. इथे लाजून गप्प बसण्यात जाणारा प्रत्येक तास महागात पडतो. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार पोहोचली तरच ते अडवता येतात.

त्या रात्री स्कॅन संपेपर्यंत इशाची वेळ होत आली. काही निघाले नाही. गृहस्थ आत गेले आणि मुलीला घेऊन बाहेर आले. काय बोलले ते आम्हाला ऐकू आले नाही. ती खुर्चीवर बसली, फोल्डर उघडून स्कॅन केलेले कागद एकेक तपासले. फोटो, सही, दाखला, सगळे होते. अर्जाची मुदत संपायला चार दिवस बाकी होते.

आम्ही उठलो तेव्हा त्यांनी खिशातून मोबाइल काढला. "सर, हे 'अलाउ' मी इथं पण दाबलं असेल का हो?"

क्रोमच्या सेटिंग्जमध्ये गेलो. मोबाइलमध्ये अकरा निघाल्या. मुलीनेच फोन हातात घेतला आणि एकेक काढू लागली. अब्बा शेजारी उभे राहून, पुन्हा करताना चुकू नये म्हणून, प्रत्येक पायरी मोठ्याने म्हणत होते.